उंबरठ्यांच्या देशातून आप्पाकाकांस

उट्रेख्त, नेदरलँड्स

तीर्थस्वरूप आप्पाकाका व काकू यांस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व इथे खुशाल. थंडी आहे, पाऊस आहे, वारा आहे. म्हणजे विशेष काही नाही. तुम्ही पाठवलेली चित्रफीत पोचली. पाठीवर दप्तर टाकून सायकलवरून एकटी शाळेला निघालेली डच पोरे आणि खाली तुमचा अभिप्राय : ‘शिस्त मुळात रक्तात असावी लागते. आपल्याकडे हे शंभर वर्षांत शक्य नाही.’ हाच अभिप्राय तुम्ही सोसायटीच्या गटावर, सकाळच्या कट्ट्यावर आणि वृत्तपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारातही मांडल्याचे कळते. एवढा तिहेरी प्रसार झाल्यावर उत्तर दोन ओळींत आटोपणे बरे दिसणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. माझे म्हणणे असे, की ज्या शिस्तीचे तुम्हाला कौतुक वाटते ती इथल्या रस्त्यांच्या विटांत आणि कडेच्या दगडांत बसवलेली आहे. ती कुणी, केव्हा आणि कशामुळे बसवली हे नोंदलेले आहे. आणि जिथे ती चुकीची बसवली तिथे हेच डच लोक कसे वागले, त्याचाही पुरावा याच देशात आहे.

आधी रक्ताचे पाहू. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दर वर्षी बारा ते पंधरा हजार सायकली बाहेर काढाव्या लागतात. त्यासाठी तराफ्यावर बसवलेला एक लोखंडी पंजा आहे आणि त्या पंजाला वर्षभर काम पुरते. यांतल्या काही सायकली वाऱ्याने जातात, काही चोर ढकलतात आणि काही शनिवारी रात्री उशिरा, पोटात बिअर गेलेली शिस्तप्रिय मंडळी गंमत म्हणून फेकतात. त्याच शहरात रस्त्याच्या कडेला तपकिरी रंगाचे, अंगावर तीन फुल्या असलेले बुटके लोखंडी खांब हजारोंनी रोवलेले होते; अजूनही पुष्कळ दिसतात. त्यांना लाडाने ‘छोटे ॲमस्टरडॅमकर’ म्हणतात. ते कशासाठी? तर फूटपाथवर गाडी लावू नये हा नियम डच माणसाला तोंडपाठ होता, आणि तरीही तो गाडी फूटपाथवरच लावत होता. सदाशिव पेठेत राहणाऱ्या माणसाला हे वाचून आपलेपणा वाटावा. १९५४ साली तर ॲमस्टरडॅमच्या पोलीसप्रमुखांनीच, गाड्यांना जागा व्हावी म्हणून काही कालवे बुजवून टाकण्याची योजना मांडली होती. १९६७ साली योकिनेन नावाच्या अमेरिकी नियोजकाने आणखी पुढची पायरी गाठली : जुन्या गावाला वेढणारा कालवा बुजवायचा, त्यावर सहा पदरी महामार्ग करायचा आणि आजूबाजूच्या कामगारवस्त्या पाडायच्या. या योजनेला मोटारवाल्यांचा पाठिंबा होता. ती अमलात आली असती, तर आज जगभरचे पर्यटक ॲमस्टरडॅमला येऊन कशाचे फोटो काढत बसले असते, देव जाणे. सर्व्हिस रोडचे असावेत. उट्रेख्तने मात्र हा पराक्रम खरोखर केला. शहराभोवतीच्या जुन्या खंदकाचा एक भाग १९७०च्या सुमारास आटवून तिथे मोटारींसाठी खोल रस्ता केला. पुढे २००२ साली नागरिकांनी मतदानाने ठरवले, की पाणी परत आणा. मग रस्ता उखडला आणि २०२०च्या सप्टेंबरात खंदक पुन्हा पुरा वाहता झाला. आता त्यात लोक होड्या चालवतात. पन्नास वर्षांत पाणी, मग डांबर, मग पुन्हा पाणी, रक्त तेच.

आणि ज्या काळात तिथे डांबर होते, त्या काळातला आकडा तुमच्या शिस्तीच्या सिद्धान्तासाठी फार अडचणीचा आहे. १९७१ साली, एक कोटी तीस लाखांच्या थोडी वर लोकसंख्या असलेल्या या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. म्हणजे तुमच्या चित्रफितीतल्या पोरांचे आजी-आजोबा लहान होते तेव्हा त्यांना एकटे सायकलवर पाठवणे हा शुद्ध वेडेपणा होता. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशीच रस्त्यावर गेली. त्याने १९७२ साली वर्तमानपत्रात संतापून लेख लिहिला आणि त्यातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा सरळ नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले, रस्ते अडवून त्यांत मुलांना खेळायला सोडले. पुढच्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि नोव्हेंबर १९७३पासून काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. लोकांना आपली गावे कानांनी कशी ऐकू येतात हे त्या रविवारी समजले. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडेही घडू शकते. पुढे जे झाले ते मात्र लक्ष देऊन वाचावे. सरकारने ‘वाहतूक सुरक्षा सप्ताह’ साजरा करून, फीत कापून, शाळकरी मुलांची घोषवाक्य स्पर्धा घेऊन हा विषय संपवला नाही. रस्ते बदलायला घेतले. डेल्फ्टमध्ये काही गल्ल्यांतून फूटपाथ आणि रस्ता हा भेदच काढून टाकला होता. मध्ये झाडे, बाके, वळणे टाकली, म्हणजे गाडीला पायी चालण्याच्या वेगानेच जाता येईल आणि मुलांना गल्लीच्या पूर्ण रुंदीत खेळता येईल. १९७६ साली या प्रकाराला देशाच्या कायद्यात जागा मिळाली. ग्रोनिंगेनने १९७७ साली गावाच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जायची वाटच बंद केली. जायचे असेल तर बाहेरच्या वळणरस्त्याला जा आणि फिरून या. सायकलने मात्र सरळ जा. दुकानदारांनी आकांत केला, की आमचा धंदा बसला. लक्ष्मी रोडवर एखादा दिवस गाड्या बंद ठेवायच्या म्हटल्यावर जी वाक्ये उच्चारली जातात, तीच तिकडे डच भाषेत उच्चारली गेली. ग्रोनिंगेनचा मध्यभाग आज गजबजलेला आहे आणि ती व्यवस्था उलटवावी असे तिथे कुणी म्हणत नाही.

आता ही शिस्त काम कशी करते ते सांगतो, कारण खरी मौज इथे आहे. मोठ्या रस्त्याला एखादी गल्ली मिळते, ते तोंड डोळ्यांसमोर आणा. कर्वे रोडवर अशा ठिकाणी फूटपाथ संपतो. चालणारा माणूस गुडघाभर उंचीवरून खाली उतरतो, गल्लीतून येणाऱ्या रिक्षा आणि दुचाकींपुढे हात करत पलीकडे जातो आणि पुन्हा चढतो. गाडी सपाटीवरून येते, चढउतार माणसाच्या वाट्याला. इथे नेमके उलटे केले आहे. फूटपाथ गल्लीच्या तोंडावरून त्याच पातळीत, त्याच फरशीचा, तसाच पुढे जातो. गाडीला उतरत्या दगडावरून वर चढून, फूटपाथ ओलांडून, पुन्हा खाली उतरावे लागते. हा रस्त्याला घातलेला उंबरठा आहे. उंबरठ्यापाशी माणूस जसा आपोआप पाऊल उचलतो आणि आपण दुसऱ्याच्या घरात आलो हे ओळखून आवाज खाली आणतो, तसा इथे चालक वेग खाली आणतो. कायद्यानेही अशा जागी बाहेर येणाऱ्या गाडीने सर्वांना आधी जाऊ द्यायचे असते, पण बहुतेकांना तो कायदा आठवावा लागतच नाही, गाडीची चाके तो वाचतात. सिग्नल नाही, पोलीस नाही, आणि आप्पाकाका, पाटी तर नाहीच. आता वस्तीतल्या रस्त्यांचे पाहा. तिथे वेग तीसच्या आत हवा, म्हणून रस्ता अरुंद ठेवतात आणि डांबराऐवजी विटांचा करतात. विटांवरून जोरात गाडी नेली की आत बसलेल्याला घरघर ऐकू येते, आणि आपण वेगात आहोत हे काट्याकडे न बघता कानाला कळते. (या विटांचा एक फायदा तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. नळ किंवा केबल टाकायची असेल तर विटा उचलून बाजूला रचतात, काम करतात आणि त्याच विटा पुन्हा बसवून निघून जातात. खोदकामाचा व्रण राहत नाही. हे वाक्य पुण्यात मोठ्याने वाचू नये, लोकांना रडू येईल.)

या सगळ्यामागचा विचार डच अभियंत्यांनी १९९०च्या दशकात रीतसर मांडला आणि तो मला तुमच्या विचाराच्या अगदी विरुद्ध टोकाचा वाटतो. त्यांचे गृहीतक असे, की माणूस चुकणारच. तो दमलेला असेल, फोनकडे बघेल, बायकोशी वाद घालत गाडी चालवेल. तेव्हा रस्ता असा करा, की काय करायचे ते रस्त्याकडे बघूनच समजावे, आणि तरीही चूक झाली तर तिची शिक्षा मरण नसावी. माणसाबद्दलचे इतके वाईट मत ठेवून इतकी चांगली व्यवस्था उभी राहते, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते. आपण मात्र माणसाबद्दल फार थोर मत ठेवतो, त्याला पाटीवर उपदेश करतो आणि त्याने तो ऐकला नाही की त्याच्या संस्कारांना नावे ठेवतो. हान्स मॉन्डरमान नावाचा अभियंता या बाबतीत सगळ्यांच्या पुढे गेला. द्राख्टन या गावातल्या, दिवसाला वीस हजारांच्या आसपास गाड्या जाणाऱ्या चौकातले सिग्नल त्याने काढून टाकले. मधोमध वर्तुळ, कडेला कारंजी, सगळीकडे एकसारखी फरसबंदी. कुणाचा हक्क पहिला हे दिव्याने सांगायचे बंद झाल्यावर लोक एकमेकांकडे पाहू लागले. भेटायला आलेल्या पत्रकारांना पटवण्यासाठी तो त्या रहदारीत पाठमोरा चालत जाऊन दाखवत असे. (तुम्ही हा प्रयोग नळ स्टॉपला करू नये, ही काकूंच्या वतीने विनंती.) त्याच्या पद्धतीला आक्षेपही आहेत आणि त्यांतला एक मला पूर्ण पटतो : जो पाहू शकत नाही त्याने कुणाच्या नजरेला नजर कशी द्यायची? अंध व्यक्तींच्या संस्थांनी हा प्रश्न अनेक देशांत उचलला आहे. पण या आक्षेपानेही माझाच मुद्दा पुढे जातो. रस्त्याची कड, तिची उंची, पायाला लागणारी खाच, यांवर एखाद्या माणसाचे शहरात एकट्याने फिरणे अवलंबून असते.

तुम्ही म्हणाल, की चांगल्या लोकांनी चांगले रस्ते केले, यात नवल काय. म्हणून आता याच चांगल्या लोकांनी केलेल्या एका भयंकर वस्तीकडे येतो. ॲमस्टरडॅमच्या आग्नेयेला बायल्मरमेर नावाची वसाहत आहे. १९६८ साली तिथे पहिली कुटुंबे राहायला आली. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी वळणांनी लांबच लांब गेलेल्या दहा मजली इमारती, मध्ये विस्तीर्ण हिरवळ, गाड्यांचे रस्ते बांधावर उंच, पादचारी आणि सायकली खाली, मोटारींसाठी बहुमजली वाहनतळ. कागदावर यात काढायला खोट नव्हती. घरे मोठी, उजेड भरपूर, हवा मोकळी. जुन्या गावातल्या कोंदट गल्ल्यांतून मध्यमवर्गाला इथे आणायचे होते. प्रत्यक्षात काय झाले? इमारतींच्या तळाला घरे नव्हती, कोठारे होती. खालून चालणाऱ्या माणसाला बघणारी खिडकी तिथे नव्हती. वाहनतळापासून दारापर्यंत लांब, बंदिस्त, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या वाटा होत्या. त्या वाटांत लुटालूट सुरू झाली, मादक द्रव्यांचा व्यापार आला, लोक वाहनतळ टाळू लागले आणि ज्यांना परवडले ते बागेसकटची लहान घरे शोधत दुसरीकडे गेले. १९९२च्या ऑक्टोबरात त्यांतल्या इमारतींवर मालवाहू विमान कोसळून ४३ माणसे गेली आणि सगळ्या देशाची नजर या वस्तीकडे वळली. पुढच्या काळात बऱ्याच उंच इमारती पाडल्या, बांधावरचे रस्ते जमिनीवर आणले, दार थेट रस्त्यावर उघडेल अशी बुटकी घरे बांधली. वस्तीची तब्येत बरीच सुधारली. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे, की बायल्मरच्या दुखण्याला आराखडा एकटा जबाबदार नव्हता. तिथवर मेट्रो उशिरा पोचली, भाडी जास्त होती, सुरिनाम १९७५ साली स्वतंत्र होताना तिथून आलेल्या हजारो गरीब कुटुंबांना दुसरीकडे घर देण्यात खळखळ झाली आणि ती इथे येऊन पडली. सुधारणेच्या वेळीही नुसती पाडापाडी नव्हती, रोजगाराची आणि शिक्षणाची कामेही झाली. पण गरिबी आणि परकेपणा ॲमस्टरडॅमच्या इतर भागांतही होता. दिवसाढवळ्या निर्जन वाटणारी ती मैलभर लांबीची वाट मात्र आराखड्याने दिली होती.

जेन जेकब्स या अमेरिकी लेखिकेने १९६१ सालच्या आपल्या पुस्तकात म्हटले होते, की रस्ता सुरक्षित राहतो तो खिडक्यांतून आणि दुकानांतून त्याच्याकडे सहज लक्ष असणाऱ्या माणसांमुळे. हे काम काकू गॅलरीत उभ्या राहून किती वर्षे विनामूल्य करताहेत याची गल्लीला जाणीव नाही. वाड्याच्या ओट्यावर, चाळीच्या गॅलरीत, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात ही व्यवस्था आपल्याकडे फुकट होती, थोडी जास्तच होती. कुणाच्या मुलीला कोण सोडायला आले याची नोंद महापालिकेपेक्षा तत्परतेने ठेवली जाई. मोकळेपणाने जगू पाहणाऱ्याला तिचा जाचही झाला, हे नाकारत नाही. पण आता बाणेर-बालेवाडीकडे पाहा. उंच इमारत, तिच्या खालचे दोन-तीन किंवा चार मजले नुसती वाहने ठेवायला, भोवती उंच कुंपणभिंत, एका फाटकाशी सुरक्षारक्षक. त्या भिंतीलगत रात्री नऊला चालणाऱ्या बाईला बघायला वरून कुणी नाही. सगळे घरदार आकाशात. बायल्मरमध्ये जे करून पस्तावले आणि खर्चून पाडले, ते आपण ‘सर्व सुविधांनी युक्त’ अशी जाहिरात करून, वर पार्किंगचे वेगळे पैसे मोजून विकत घेतो.

आता आपल्या रक्ताची बाजू. पंढरपूरला आषाढीच्या दर्शनबारीत लाखो माणसे तासन्‌तास, कधी रात्र रात्र रांगेत उभी राहतात. ही तीच माणसे, जी एसटी आली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. भक्ती आहेच, पण भक्ती गाभाऱ्याशी धक्काबुक्कीही करवू शकते. बारी माणसांना एकामागे एक उभे करते आणि आपला नंबर जाणार नाही याची खात्री देते. एसटीच्या दाराशी ती खात्री नसते, म्हणून रुमाल. मुंबईत लोक बसच्या थांब्यावर निमूटपणे रांग लावतात आणि तीच माणसे दादरला लोकलमध्ये शिरताना एकमेकांच्या फासळ्या मोजतात, कारण गाडी काही सेकंदच थांबते आणि तिच्यातून आधी किती उतरतील, हे ठरवणारे काही नसते. जिन्याच्या कोपऱ्यात ‘थुंकू नये’ लिहिले की तिथेच पिचकारी उडते आणि तिथे देवाच्या चित्राची फरशी बसवली की भिंत कोरी राहते, हा शोध तर आपलाच. त्याच जातीचा शोध इथल्या स्किपोल विमानतळाने लावला : पुरुषांच्या मुतारीच्या भांड्यात नेमक्या जागी एका माशीचे चित्र कोरले. पुरुषाला माशी दिसली की नेम धरल्याशिवाय राहवत नाही, आणि बाहेर उडणारे शिंतोडे कमी झाले. दोन्हीकडे माणूस सुधारलेला नाही. त्याच्या स्वभावाला धरून जागा सुधारली आहे.

तुमचे उरलेले आक्षेप मला पत्र न उघडता ऐकू येतात. देश सपाट आणि थंड, म्हणून सायकल जमते? सपाट आहे खरा, पण समुद्रावरून येणारा वारा असा असतो, की वादळात वाऱ्याच्या विरुद्ध सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धाच इथे भरते, तीही गिअर नसलेल्या सायकलींवर. शिवाय पुण्याला ‘सायकलींचे शहर’ म्हणायचे तेव्हा ऊन हेच होते आणि चढही हेच होते; ही आठवण तर तुम्हीच दर रविवारी सांगता. पैसा? १९७३नंतर हे लोक तेलटंचाईने बेजार होते आणि विटा-दगड ही महाग वस्तू नव्हे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधून वीस वर्षे व्हायच्या आत, २०२० साली आपण पाडला. तो बांधायला आणि पाडायला लागलेल्या पैशात किती गल्ल्यांना उंबरठे झाले असते, हा हिशेब कट्ट्यावर जरूर करावा. पुण्यात सायकलमार्ग केले होते आणि लोकांनी ते वापरले नाहीत? जो मार्ग शंभर पावलांवर विजेच्या डीपीशी संपतो, मग झाडाला वळसा घालतो आणि शेवटी पाणीपुरीच्या गाडीला अर्पण होतो, तो सोडून रस्त्यावरून जाणारा सायकलवाला बेशिस्त नसतो, डोके ठिकाणावर असलेला असतो. २०१७ साली महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आराखड्यात मार्ग एकमेकांना जोडलेले आहेत, जमिनीवर जोडायचे राहिले.

राहिला दंड. इथे मोटारीने सिग्नल तोडला तर तीनशे युरोंच्या घरात भुर्दंड बसतो, आणि त्याचा धाक आहे हे मान्य. पण दंडाला कॅमेरा लागतो, पोलीस लागतो. दगड रात्री तीन वाजताही कामावर असतो आणि चहा मागत नाही. ॲमस्टरडॅमने २०२३च्या डिसेंबरात बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा तीसवर आणली, तेव्हा इथल्या जाणकारांची तक्रार हीच होती, की रुंद, सरळ रस्त्यावर नुसता तीसचा फलक लावून भागत नाही, रस्ताही तीसचा दिसला पाहिजे. आणि ‘मग माणसाची काही जबाबदारीच नाही का?’ हा तुमचा शेवटचा, ठेवणीतला प्रश्न. आहे. रस्ता माणसाला सज्जन करत नाही. रस्त्यांवरचे मृत्यू २०२३ साली ६८४वर आले होते, लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या पुढे गेलेली असताना. पण त्यांत मोटारीतल्यांपेक्षा सायकलवरचे जास्त होते, आणि विजेवर चालणाऱ्या जाडजूड टायरच्या सायकली उधळणाऱ्या पोरांनी इथल्या आप्पाकाकांनाही वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहायला लावले आहे. वाहने बदलली की रस्त्याला पुन्हा विचार करावा लागतो. एकदा केले आणि सुटलो असे होत नाही. पण सज्जन माणसालाही मुलगी शाळेत सुखरूप पोचावी असे वाटत असेल, तर त्याला आधी रस्ता पाहिजे. तो नसताना जबाबदारीची भाषा केली, की तिचा सारा भार पायी चालणाऱ्यावर पडतो, कारण ऐकायला तोच तेवढा थांबलेला असतो.

तेव्हा एक काम कराल का? पुणे महापालिका पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या भागातली कामे मागवते. त्या वेळी ‘जनजागृती फलक’ मागू नका. गेली काही वर्षे तेच मागितलेत. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी फूटपाथ जिथे तुटतो, तिथे तो त्याच पातळीत सलग पुढे न्यावा आणि गाड्यांसाठी दोन्ही बाजूंना उतार द्यावा, एवढी एकच मागणी करा. तोंडाची रुंदी आणि फूटपाथची उंची टेपने मोजून सोबत जोडा, पावसाचे पाणी तुंबू नये म्हणून खालून नळी टाकायला सांगा, नाहीतर पहिल्याच जूनमध्ये अभियंते तेच कारण देऊन तो उखडतील. अर्जावर काकूंची सही पहिली घ्या, कारण त्या रस्त्याने भाजी आणायला त्या जातात. पोच घ्यायला विसरू नका आणि तिची एक प्रत घरी ठेवा.

कळावे, लोभ आहेच.

आपला पुतण्या व परिवार